लॉज, कासव आणि नवऱ्याचा बिल्ला : स्काउटांच्या पॅचबद्दल जाणकारांनी सांगावं

तिखटमीठ
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे आणि लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही फिलाडेल्फियाच्या बाहेर राहतो. चिरंजीव चौदाचे, स्काउटात जातात. वसंतात त्यांच्या ट्रूपमध्ये मतदान झालं आणि तो 'ऑर्डर ऑफ द ॲरो' नावाच्या मंडळासाठी निवडून आला. या मंडळाच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. मी हौसेने साताऱ्याला सासूबाईंना फोन केला, "आई, नातू लॉजमध्ये निवडून आला." पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "एवढ्याशा पोराला लॉजवर कशाला पाठवलंत? घरात जागा नाही होय?"

असो. खरी भानगड पुढे आहे. गेल्या आठवड्यात कॅम्पवरून येताना तो एक जुना पॅच घेऊन आला. शर्टाच्या खिशाच्या झाकणावर बसेल अशा आकाराचा, मधोमध कासव. म्हणे युनामी लॉजचा, १९५० च्या दशकातला, फार दुर्मिळ. बदल्यात काय दिलंस विचारलं, तर सहा नवे पॅच आणि बाबाचा राज्य पुरस्काराचा बिल्ला!

नवरा साताऱ्याला शाळेत असताना स्काउट होता. तो बिल्ला तीस-बत्तीस वर्षं पासपोर्टच्या डब्यात जपून ठेवलेला. बिल्ला गेल्याचं कळल्यावर नवरा काही बोलला नाही. दोन दिवस काहीच बोलला नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यामुळे त्याचा अर्थ मला कळतो.

तर, हे मंडळ आहे तरी काय, आणि आम्ही फसलो का?

भोचकराव
कासव दिलं त्याने? मग ससा पण मागायचा होता. पैज लावता आली असती.

कॅन्ससचा_नाना
तिखटमीठ, आधी अभिनंदन. हे मंडळ गुणांवर मिळत नाही, पोरं मतं देऊन निवडतात. मजा म्हणजे मत देणारी बहुतेक पोरं स्वतः सभासद नसतात. निदान निम्म्या मतपत्रिकांवर नाव यावं लागतं. त्याआधी फर्स्ट क्लास हा दर्जा हवा, दोन वर्षांत पंधरा रात्री तंबूत काढलेल्या हव्यात, त्यातल्या पाच सलग एका मोठ्या कॅम्पला, आणि स्काउटमास्तरांची संमती हवी. म्हणजे बरोबरच्या पोरांना तुमचा मुलगा भांडी घासताना पळ न काढणारा वाटला, असा अर्थ घ्या.

जन्म तुमच्याच अंगणातला. फिलाडेल्फियाच्या स्काउटांचा उन्हाळी कॅम्प डेलावेअर नदीतल्या ट्रेझर आयलंड नावाच्या बेटावर भरायचा. १९१५ साली तिथे अर्नर गुडमन प्रमुख होता आणि कॅरल एड्सन त्याचा मदतनीस. दोघेही ऐन पंचविशीच्या आसपासचे. कॅम्पमधल्या चांगल्या पोरांना मान कसा द्यावा, म्हणून त्यांनी १६ जुलैच्या रात्री शेकोटीपाशी पहिला विधी केला. नाव आणि सोंग लेनापे या तिथल्या मूळ लोकांचं घेतलं. पहिली लॉज ती युनामी, क्रमांक १, आणि तिचं चिन्ह कासव. तेव्हा तुमच्या चिरंजीवांची नजर चांगली आहे एवढं नक्की.

सुरुवातीला हा प्रकार बराच गुपचूप चालायचा. आता तसं नाही, पालकांनी विचारलं की सगळं सांगतात. जाऊन विचारा बिनधास्त.

तिखटमीठ
धन्यवाद नाना. पण सभासद करून घेताना ते 'ऑर्डील' का काय असतं, त्यात म्हणे रात्री उघड्यावर एकटं झोपायचं, दुसऱ्या दिवशी गप्प राहून काम करायचं आणि अगदी थोडकं खायचं. घरी ताट धुवायला सांगितलं तर याला पोटात दुखतं.

काडेपेटी
मुलगा दिवसभर गप्प, कामाला लागलेला आणि जेवणाबद्दल तक्रार नाही. आमच्याकडे कुठे भरायचा अर्ज?

गारगोटी
मी सव्वीस वर्षं शाळेत स्काउट शिक्षक होतो, म्हणून लिहितो.

आपल्याकडे असं मानाचं मंडळ नाही. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार, अशी सरळ चढण. परीक्षा, शिबिर, नोंदवही. मतदान वगैरे नाही. मला तेच बरं वाटतं. मुलांच्या हातात मतं दिली की जो सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटतो तो निवडून येतो.

दुसरं, आणि हे स्पष्ट लिहितो. कमावलेला बिल्ला अदलाबदलीत देत नाहीत. राज्य पुरस्कारासाठी मुलं पायी हाइक करतात, गाठी बांधतात, प्रथमोपचार शिकतात, नकाशा वाचतात. चिरंजीवांचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलं नसेल. पण बापाने सांगायला हवं होतं.

भोचकराव
गुरुजी, गाठींवरून आठवलं. आमच्या शाळेत 'खरी कमाई'च्या आठवड्यात आम्हाला घरोघरी काम मागायला पाठवलं होतं. शेजारच्या जोशीकाकांची स्कूटर धुतली. काकांनी पाच रुपये दिले आणि म्हणाले, पुन्हा येऊ नका. सायलेन्सरमध्ये पाणी गेलं होतं.

गारगोटी
आमच्या शाळेचा एक मुलगा गुरांच्या गोठ्यात गेला आणि मालकाने त्याला मजुरीत शेण दिलं. त्याने ते विकून पैसे आणले. त्याला मी मनापासून शाबासकी दिली होती.

टिपटाका
मुळात हे पॅच बनतात कसे ते कळल्याशिवाय जुना-नवा ओळखता येणार नाही. माझा उल्हासनगरला कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचा कारखाना आहे, शाळांचे मोनो, हॉटेलांचे लोगो, सगळं करतो. अमेरिकेतले स्काउटचे पॅच मी एका गिऱ्हाइकासाठी पाहिलेत.

पहिली गोष्ट, कड. जुन्या पॅचला 'कट एज' असते, म्हणजे भरतकाम करून कडेने कापलेलं, धार चपटी. नंतरच्यांना जाड गोल किनार, ती मेरोच्या मशीनवर. आपल्याकडे ओव्हरलॉक म्हणतो त्याची श्रीमंत बहीण समजा. मेरोची फेरी पुरी झाली की शेवटी दोऱ्याचं एक शेपूट उरतं, ते मागे वळवून चिकटवतात. पॅच उलटा करून शेपूट शोधा.

दुसरी, जमीन. कापड दिसत असेल आणि वर फक्त चित्र भरलेलं असेल तर तो एक प्रकार. कापड अजिबात दिसत नाही, सगळीकडे टाकेच टाके, तो दुसरा. संग्रह करणारे पहिल्याला 'एफ' म्हणतात, दुसऱ्याला 'एस'. त्यांची एक मोठी सूची आहे, तिला 'ब्लू बुक' म्हणतात आणि पोथीसारखी पवित्र मानतात, तिच्यात प्रत्येक लॉजचे पॅच असे अक्षर आणि आकडा लावून नोंदलेले असतात. गोल असेल तर आर, लोकरीसारखा फुगीर शेनील असेल तर सी, धड कशातच बसत नसेल तर एक्स.

तिसरी गोष्ट पाठ. मागे जाळीदार कापड आहे, नुसते दोरे आहेत, की प्लास्टिकचा पातळ थर? फोटो टाका, पुढचा-मागचा दोन्ही. फ्लॅश नको, खिडकीपाशी.

सुगरण_पण_नाही
सी-एफ-एस-आर... हे रेशनकार्ड आहे की पॅच?

रानवाटा
मी जर्सीत राहते, थोडी भर घालते. हे पॅच हजारांनी शिफली नावाच्या अवाढव्य मशीनवर भरायचे, एका वेळी लांबच्या लांब कापडावर शेकडो सुया. मूळ स्वित्झर्लंडचं मशीन, नावाचा अर्थ छोटी होडी, धोट्याच्या आकारावरून. इथे हडसन नदीच्या या बाजूला युनियन सिटी, वेस्ट न्यूयॉर्क, नॉर्थ बर्गन ही गावं एकेकाळी स्वतःला जगाची भरतकामाची राजधानी म्हणवून घ्यायची. आता ते कारखाने जवळजवळ संपले. माझ्या बिल्डिंगमधल्या एक क्यूबन आजी अशा कारखान्यात होत्या. तुटलेला दोरा मशीन चालू असतानाच कसा ओवायचा ते त्या अजून हवेत हात करून दाखवतात.

टिपटाका
आजींना माझा नमस्कार सांगा. आमची मशीन दोरा तुटला की आपोआप थांबते आणि ऑपरेटर मोबाइल काढतो.

हळदीकुंकू
मला एक खटकतं, आणि ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्या लेनापे लोकांना त्यांच्याच नदीकाठावरून हाकललं, त्यांच्या भाषेतली नावं आणि पिसं घेऊन गोऱ्या पोरांनी शेकोटीभोवती विधी करायचे. त्यांचे बरेचसे वंशज आज ओक्लाहोमात आहेत. आणि वर पॅच विकायचे?

कॅन्ससचा_नाना
खटकायला हवंच. गंमत म्हणजे लॉजची नावं लेनापेत ठेवायची तर भाषा येणार कोणाला? म्हणून १८८० च्या दशकात छापलेला एक लेनापे-इंग्रजी कोश उघडून बसायचे. त्यामुळे जिथे लेनापे कधी राहिलेच नाहीत, तिथल्याही लॉजना लेनापे नावं आहेत. आपल्याकडे बंगलोरच्या सोसायटीने आसामी कोश काढून इमारतीला नाव द्यावं तसं.

हळूहळू बदललंय. छोट्या मुलांच्या कब स्काउटमधून मोठ्यांत जाण्याच्या समारंभात असे पोशाख घालायला या मंडळाने २०१९ पासून बंदी केली. आमच्या भागात मात्र गाडं वेगळं आहे. इथे 'ट्राइब ऑफ मिक-ओ-से' म्हणून स्वतंत्र मंडळ आहे, फक्त या भागापुरतं. १९२५ मध्ये मिसुरीत सेंट जोसेफजवळच्या कॅम्पवर एच. रो बार्टल नावाच्या धिप्पाड माणसाने काढलं. त्यात पॅचपेक्षा मान गळ्यातल्या नखांचा आणि मण्यांचा. हा बार्टल पुढे कॅन्सस सिटीचा महापौर झाला, लोक त्याला 'चीफ' म्हणत. १९६३ मध्ये डॅलसचा अमेरिकन फुटबॉलचा संघ त्याने इकडे आणवला आणि संघाचं नाव पडलं चीफ्स. म्हणजे टीव्हीवर तुम्ही पाहता ते नाव एका स्काउटवाल्याच्या टोपणनावावरून आलंय. आमच्याकडे मूळ लोकांच्या संघटना या नखं-पिसांवरून अधूनमधून आवाज उठवतात. वादाला अंत नाही.

काडेपेटी
माझ्या नावाला शोभेल असंही एक मंडळ आहे का हो?

कॅन्ससचा_नाना
आहे! इंडियानापोलिसचं 'फायरक्राफ्टर', १९२० चं, एफ. ओ. बेल्झरने काढलेलं. आग पेटवणं हाच त्यांचा पाया. ओहायोतल्या टोलेडोलाही 'गिमोगॅश' होतं. त्या काळात ज्या त्या गावच्या कॅम्पचं आपलं वेगळं मंडळ असायचं, जसं आपल्याकडे ज्या त्या आळीचा गणपती. ॲरोवाले पसरत गेले आणि १९४८ मध्ये अमेरिकन स्काउटांच्या मुख्य संस्थेने त्यांना पूर्णपणे आपलं मानलं. मग बाकीची बरीच विरली. जी उरली ती हट्टाने उरली. आणि म्हणूनच विरलेल्या मंडळांचा एखादा फेल्टचा तुकडा मिळाला की संग्राहकांचे डोळे चमकतात.

हळदीकुंकू
आळीचा गणपती चालेल. पण आळीच्या गणपतीत कोणी दुसऱ्याच्या आजोबांची टोपी घालून मिरवत नाही.

भोचकराव
तुम्ही आमच्या आळीत आलेल्या दिसत नाही.

तिखटमीठ
फोटो टाकलेत, वर पाहा. शेपूट सापडलं! मागे टेपखाली दडलं होतं. आणि पाठ गुळगुळीत आहे, नखाने वाजवलं तर टकटक वाजतं.

टिपटाका
पाहिले. किनार मेरोची, पाठ प्लास्टिकची. म्हणजे १९५० चं दशक विसरा. प्लास्टिकची पाठ साधारण १९७० नंतरची. जमीन पूर्ण भरलेली, एसमधला. काम मात्र सुबक आहे, कासवाच्या पाठीवरचे टाके एका दिशेने वळलेत, आमच्या पोरांना जमणार नाही.

काळा दिवा असेल तर, म्हणजे ते नोटा तपासायचे जांभळे दिवे, त्याखाली धरा. पांढरा दोरा निळसर झळकला तर दोऱ्यात उजळवणारं रसायन आहे, म्हणजे दोरा फार जुना नाही.

सुगरण_पण_नाही
थांबा थांबा. आमच्या घरी नवऱ्याचा पांढरा शर्ट लावणीच्या कार्यक्रमात झळकला होता. टिनोपॉलमुळे. तो काही नवा शर्ट नव्हता.

टिपटाका
बरोबर बोललात वहिनी, हीच मेख आहे. टिनोपॉल, रानीपाल म्हणजे तेच रसायन, आणि साबणाच्या पावडरीतही असतं. त्यामुळे जुना अस्सल पॅच कोणी मशीनमध्ये धुतला असेल तरी झळकतो. न झळकला तर जुना असण्याची शक्यता जास्त. झळकला तर लगेच खोटा म्हणू नका.

तिखटमीठ
नोटांचा दिवा शेजारच्या पटेलांच्या दुकानातून आणला. कासव दिव्याखाली ट्यूबलाइटसारखं पेटलं. चिरंजीवांचा चेहरा विझला.

गारगोटी
दुकानदाराला विचारलंत का, दिवा घरी कशाला हवा ते?

पिंपळपान
मी इथे नुसता वाचत होतो, पण हे महत्त्वाचं म्हणून लिहितो. पॅच ज्याने दिला तो मुलगा होता की मोठा माणूस? राष्ट्रीय जांबोरीत, म्हणजे स्काउटांच्या मोठ्या मेळाव्यात, नियम असतो, मोठ्यांनी मोठ्यांशी अदलाबदल करायची, मुलांनी मुलांशी. कारण काही दाढीवाले काका लहान पोरांना असेच गंडवायचे. २०१९ ला वेस्ट व्हर्जिनियात जागतिक जांबोरी झाली तिथे मी स्वयंसेवक होतो. चाळीस हजारांवर पोरं, दीडशेवर देशांतली, आणि संध्याकाळ झाली की रस्त्याच्या दोन्ही कडेला चादरी अंथरून पॅचचा बाजार. भारतातून आलेल्या पोरांकडे स्कार्फ आणि बिल्ले होते, त्यांना चांगला भाव होता. एका ब्राझीलच्या मुलाने आपल्या पोरांकडून वॉगल, म्हणजे स्कार्फ अडकवायची कडी, घेतला आणि बदल्यात टोपी, शर्ट आणि वर मिठाईचं पाकीट दिलं. म्हणजे तिखटमीठ, तुमच्या नवऱ्याचा बिल्ला हा सौद्यातला जड भाग होता.

आणखी एक. आजकाल लॉजवाले वर्धापनदिन, संमेलन, देणगी, प्रत्येक कारणासाठी नवा पॅच काढतात. एके काळी काही लॉजमध्ये सभासदाला ठरावीकच मिळायचे, सेवा केली तरच आणखी. त्यांचे भाव म्हणून वर. आता छापखाना झालाय.

रानवाटा
आणि लॉज विलीन होतात, ते विसरू नका. फिलाडेल्फिया आणि व्हॅली फोर्ज या दोन कौन्सिल, म्हणजे स्काउटांच्या विभागीय संस्था, १९९६ ला एकत्र झाल्या. अशा वेळी जी लॉज नाहीशी होते तिचे पॅच एकदम दुर्मिळ. आमच्या ऑफिसात एक जण आहे, त्याचा सगळा संग्रह फक्त मेलेल्या लॉजचा. त्याला मी एकदा म्हटलं, तू श्राद्धाचा संग्रह करतोस. समजावून सांगता सांगता लंच संपला.

भोचकराव
तर मूळ प्रश्न. फसले का?

टिपटाका
माझं मत: पॅच खोटा नाही, वय खोटं सांगितलं. पन्नासचा म्हणून दिलेला ऐंशीच्या आसपासचा वाटतो. नाण्यात सोनं म्हणून चांदी दिली, पितळ नाही.

गारगोटी
आणि बिल्ला गेला तो गेलाच. माझा मुद्दा तिथेच आहे.

तिखटमीठ
मंडळी, चार दिवस गायब होते, माफ करा. काय झालं ते सांगते.

लॉजच्या सल्लागारांना फोन केला. भला माणूस. देणारा मुलगाच होता, सोळा वर्षांचा, दाढीवाला काका नाही. त्यांनी दोन्ही घरांना रविवारी चर्चच्या हॉलमध्ये बोलावलं. त्या मुलाला तो पॅच त्याच्या आजोबांच्या डब्यात सापडला होता आणि आजोबा १९५० च्या दशकात स्काउट होते, एवढ्यावरून त्याने हिशोब केला. आजोबांनी तो नंतर कधीतरी घेतला असावा. पोरगा लाल झाला, लगेच म्हणाला, तुमचा बिल्ला परत घ्या.

त्याने फाइल उघडली. प्लास्टिकच्या खिशांची पानं असतात तशी. पहिल्या पानावर, एकटाच, मधोमध आमचा बिल्ला. बाकी सगळे पॅच पुढच्या पानांवर दाटीवाटीने. नवरा ते पान बराच वेळ बघत राहिला. मग त्याने त्या मुलाला विचारलं, यावर काय लिहिलंय माहीत आहे का? नाही म्हणाला. नवऱ्याने खिशातून पेन काढलं, एका कार्डावर इंग्रजीत लिहिलं: राज्य पुरस्कार, महाराष्ट्र, कुठल्या शाळेत, कुठल्या वर्षी, शिबिर कुठे होतं, आणि खाली 'तंबू रात्री दोनदा पडला'. ते कार्ड बिल्ल्याच्या मागे सरकवलं आणि फाइल बंद करून परत दिली.

गाडीत मी म्हटलं, अरे, परत का नाही घेतलास? तर म्हणाला, माझ्या डब्यात तो पासपोर्टखाली होता.

कासव चिरंजीवांकडेच आहे. त्याने मागे पेन्सिलीने 'पन्नासचा नाही' असं लिहून ठेवलंय.

गारगोटी
पेन्सिलीने लिहिलंय ना? बॉलपेनची शाई कापडात पसरते. आणि राज्य पुरस्काराच्या शिबिरात तंबू पडला तर गाठ नीट बांधली नव्हती. मार्क कापले असते मी.

तिखटमीठ
गुरुजी, नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणाला, सरांनीही तेव्हा हेच म्हटलं होतं.

टिपटाका
वहिनी, त्या मुलाला सांगा, फाइलची ती प्लास्टिकची पानं पीव्हीसीची नसावीत. उन्हाळ्यात पीव्हीसी चिकट होतं आणि दोऱ्यांचे रंग ओढून घेतं. आमच्याकडे नमुन्यांची एक आख्खी फाइल तशी गेली.

काडेपेटी
आणि साताऱ्याला सासूबाईंना शेवटी काय सांगितलंत?

तिखटमीठ
सांगितलं की लॉज म्हणजे मंडळ. म्हणाल्या, मग मंडळ म्हण ना. आता शेजारणींना सांगतात, नातू कासव मंडळाचा सभासद आहे. परवा एकीने विचारलं, वर्गणी किती?